नाताळचं झाड खायचं असतं

डिसेंबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. निम्मी पत्रं सजावटीची आणि निम्मी ‘कुणाला काय द्यावं’ या चिंतेची. माझ्या मते हे दोन विषय मुळात एकच होते. त्यांची वाटणी दुकानदारांनी पुढे केली. म्हणून यंदा दोन्ही ताटं एकत्रच वाढतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री लावतात. त्यावर लाल-सोनेरी गोळे का टांगतात? त्यांना काही धार्मिक अर्थ आहे का? (डोंबिवली)

ते गोळे म्हणजे सफरचंदं. जुन्या युरोपात २४ डिसेंबर हा आदम आणि इव्ह यांचा दिवस मानत. त्या दिवशी स्वर्गातल्या बागेचं नाटक होई. फळ खाणं आणि मग हकालपट्टी, असा सगळा प्रसंग. नाटकाला झाड तर हवं आणि भर हिवाळ्यात बाकी झाडांचे खराटे झालेले. हिरवं राहिलेलं असे ते फर. त्याच्या फांद्यांना सफरचंदं बांधली की झाला बागेतला तो वृक्ष. पुढे नाटकं मागे पडली आणि झाड जर्मनभाषक मुलखात घरात शिरलं. स्ट्रासबुर्ग शहरातली १६०५ सालची एक नोंद नेहमी सांगितली जाते : लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पापडासारखी पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लटकवतात.

ही यादी एखाद्या लहान मुलाच्या नजरेनं पुन्हा वाचा. कागद आणि वर्ख सोडला तर सगळं तोंडात टाकण्याजोगं. सण सरला की मुलांनी झाड लुटायचं, असा शिरस्ताच होता. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, संत क्नुटच्या दिवशी, नाचत-गात झाडावरचा खाऊ फस्त करून मग झाड घराबाहेर काढण्याची रीत अजून आहे. सजावट आणि भेट एकाच फांदीला लोंबत होती. झाडाखाली रिबिनी बांधलेल्या खोक्यांची रास रचणं हे पुढचं प्रकरण.

सफरचंदाची काच झाली ती जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरात, लाउशा नावाच्या गावात. तिथे १५९७पासून काचेची भट्टी होती. एका गरीब कारागिराला झाडावर टांगायला फळं परवडेनात, म्हणून त्यानं काचेचीच फुंकली, अशी दंतकथा तिथे सांगतात. दंतकथा गोड आहे, पण मला तिच्यापेक्षा एका जुन्या ऑर्डरवहीतली ओळ आवडते : १८४८ साली सहा डझन ‘नाताळचे गोळे’ बनवून द्यायचे आहेत.

काम चालायचं ते घरातच. काचेची पोकळ नळी दिव्याच्या ज्योतीवर फिरवत राहायची, मऊ पडली की दुसऱ्या टोकानं फुंकर घालायची. १८६७मध्ये गावात गॅस आला, ज्योत प्रखर आणि हवी तशी कमी-जास्त करता येऊ लागली, तेव्हा कुठे मोठे आणि पातळ कवचाचे गोळे जमायला लागले. मग आत चांदीच्या क्षाराचं द्रावण ओतून गोळा हिंदकळवायचा, म्हणजे आतून आरसा धरतो. गोळ्याची चमक आतून येते, ती यामुळे. बापानं फुंकायचं, आईनं चांदी चढवायची, पोरांनी रंग द्यायचा आणि वरची टोपी बसवायची. तयार माल बायका पाठीवरच्या मोठ्या टोपल्यांत भरून झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे नेत.

अमेरिकेतला दुकानदार फ्रँक वूलवर्थ याला १८८०मध्ये हा माल दाखवला तेव्हा त्यानं नाक मुरडलं होतं. आग्रहाखातर थोडाच घेतला, तो पाहता पाहता संपला, आणि मग तो गोळ्यांचा बडा खरेदीदार झाला. १९३९मध्ये युरोपातून माल येईनासा होणार अशी चिन्हं दिसताच अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं विजेचे बल्ब काढणाऱ्या यंत्रावरच गोळे काढायला सुरुवात केली. तुमच्या सोसायटीतला प्लास्टिकचा गोळा त्या काचेच्या गोळ्याची नक्कल आणि तो गोळा सफरचंदाची. यंदा दोन-चार खरी सफरचंदं टांगून बघा. फक्त प्लास्टिकची फांदी वाकते, तेव्हा लहान निवडा.

प्रश्न : आपल्याकडे बर्फ पडत नाही, तरी झाडाला कापूस का लावतात? (सोलापूर)

चित्रामुळे. १८४८मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन नवरा आल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं आणि इंग्लंडात घरोघर झाडं लागली. १८५०मध्ये एका अमेरिकी मासिकानं तेच चित्र उचललं. राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा तेवढ्या पुसल्या, म्हणजे कुटुंब आपल्यातलं वाटावं! थंड देशांतल्या असल्या चित्रांतून आणि भेटकार्डांतून नाताळ जगभर गेला, सोबत बर्फही गेला. कापूस लावायचाच तर विजेच्या माळेपासून लांब ठेवा.

प्रश्न : नाताळचा तारा हा आकाशकंदिलाचाच प्रकार का? (वसई)

कारागिरी एकच, हे खरं. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ, रंगीत कागद आणि आत दिवा. कामट्यांचा पाचकोनी सांगाडा बांधायला ज्याला येतो, त्याला ऑक्टोबरात काय आणि डिसेंबरात काय, काम मिळतं. पण ताऱ्याची गोष्ट वेगळी. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना एक तारा दिसला आणि त्याच्या मागोमाग ते बेथलेहेमला बाळ येशूपर्यंत पोचले, असं मॅथ्यूच्या शुभवर्तमानात आहे. म्हणून तारा घराबाहेर, उंचावर, येणाऱ्याला दिसेल असा टांगायचा. गोव्यात नखेत्र म्हणतात ते हेच. फिलिपाइन्समध्येही बांबू आणि कागदाचाच तारा असतो. तिथे त्याला पारोल म्हणतात आणि काही गावांत तो घराएवढा मोठा करतात.

टोकंच टोकं असलेला, साळिंदरासारखा तारा तुम्ही पाहिला असेल. त्याचा उगम जर्मनीतल्या हेर्नहूट पंथाच्या शाळांत आहे. या पंथाचे मिशनरी ग्रीनलंडपासून सुरीनामपर्यंत जात (आपल्या लेहमध्येही ते १८८५मध्ये आले) आणि मुलं मागे वसतिगृहांत राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशाच एका शाळेत भूमितीचा अभ्यास म्हणून हा तारा करून घ्यायला लागले. हिशेब असा : १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशा २६ बाजूंचा एक घन घ्यायचा, प्रत्येक बाजूवर कागदाचा निमुळता सुळका बसवायचा, एक चौरस दिव्याच्या वायरसाठी मोकळा सोडायचा. राहिले २५ सुळके. आजही तो सुटे सुळके आणून घरीच जुळवतात आणि नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी लावतात. दहावीच्या भूमितीचा इतका देखणा उपयोग दुसरीकडे मी पाहिलेला नाही.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत. गोठा करायचा म्हणतात. कुठून सुरुवात करू? (नागपूर)

आजच गहू भिजत घाला. दिवाळीत किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून अळीव पेरता, तीच युक्ती. दक्षिण फ्रान्समध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बाराच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत वर आलेली हिरवी पाती गोठ्याभोवती मांडतात. गोव्यातही अनेक घरांत नाचणी किंवा गहू आधी पेरून ठेवतात. बाकी काय, गवत, माती, एक खोका. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३च्या नाताळात संत फ्रान्सिसनं मांडलेल्या प्रसिद्ध देखाव्यातही गवत, गव्हाण आणि जिवंत बैल-गाढव एवढंच होतं. मूर्तींची हौस मागाहून आली. नेपल्समध्ये तर एक अख्खी गल्ली गोठ्याच्या मूर्तींची आहे आणि तिथे मेंढपाळांच्या शेजारी फुटबॉलपटू मॅराडोनाही विकायला असतो. त्यामुळे तुमच्या मुलांनी गोठ्यापाशी खेळण्यातली जेसीबी उभी केली तर रागावू नका. वसईत गावोगावची तरुण मुलं केवढाले गोठे उभारतात, ते एकदा मुलांना दाखवून आणा.

प्रश्न : बाजारातून न आणता घरी करता येईल अशी एखादी सोपी सजावट सांगाल का? (कोल्हापूर)

डेन्मार्कचं विणलेलं कागदी हृदय. ही सजावट आणि खाऊची पिशवी एकाच वेळी असते, म्हणून माझी सर्वांत लाडकी. परीकथा लिहिणारे अँडरसन कात्रीकामात तरबेज होते. सध्या माहीत असलेलं सर्वांत जुनं हृदय त्यांच्याच हातचं, १८६०मधलं आहे.

लाल आणि पांढरा असे दोन घोटीव कागद घ्या. प्रत्येकाची मधोमध घडी घाला. घडी घातल्यावर तुकडा ८ सेंटिमीटर रुंद आणि १२ लांब राहायला हवा, घडी ८ सेंटिमीटरच्या बाजूला. समोरची मोकळी बाजू अर्धगोल कापा. आता घडीच्या बाजूनं आत तीन सरळ चिरा द्या, साडेआठ सेंटिमीटर लांबीच्या. प्रत्येक तुकड्याच्या चार पट्ट्या झाल्या, दुहेरी कागदाच्या. दोन्ही तुकडे काटकोनात धरा आणि विणायला घ्या. शाळेत कागदाची चटई विणतो तशी वर-खाली नाही विणायची. लाल पट्टी पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या पोटातून जाते, दुसरीला पोटात घेते, तिसरीच्या पोटातून जाते, चौथीला पोटात घेते. पुढची पट्टी याच्या उलट. शेवटची पट्टी हमखास अडते. कागद ओढू नका, विणलेला भाग हलकेच मागे सारून जागा करा. जमलं तर हृदय पिशवीसारखं उघडतं आणि नाही जमलं तर दोन कागद एकमेकांना शिवल्यासारखे घट्ट होतात. वर कागदी पट्टीचा बंद चिकटवा, आत बेदाणे, काजू, लिमलेटच्या गोळ्या. झाडाला टांगा. पाहुण्यांच्या पोराला निघताना एक काढून द्या.

प्रश्न : ऑफिसात दरवर्षी ‘सिक्रेट सँटा’ असतो. दोनशे रुपयांत मग, डायरी, नाहीतर सुगंधी मेणबत्ती. कंटाळा आला. काही वेगळं? (पुणे)

पन्नास रुपये खर्च करा आणि चार ओळी जुळवा. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसच्या नावानं भेटी देतात. भेट किरकोळ असते, पण सोबत त्या माणसाच्या खोड्या काढणारी यमकं असतात आणि ती ज्याची त्यालाच मोठ्यानं वाचावी लागतात. खाली सही निकोलसची, म्हणजे कवी नामानिराळा. उखाणे घेणाऱ्या आपल्या लोकांना यमक जड जाऊ नये. साहेबांची चिठ्ठी तुमच्या वाट्याला आली तर मात्र मेणबत्तीच बरी.

आणि चकचकीत वेष्टनाच्या कागदावर पैसे घालवू नका. अमेरिकेत १९१७पर्यंत भेटी साध्या पातळ टिश्यू कागदातच बांधत. त्या वर्षी कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानात तो कागद संपला, म्हणून त्यांनी पाकिटांच्या आतल्या बाजूला लावायचे नक्षीदार फ्रेंच कागद मांडले. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. तिथून हा धंदा सुरू झाला. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत बांधलेली भेट मला तरी कमीपणाची वाटत नाही.

प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून दर नाताळला फराळाचं ताट येतं. आम्ही केक नेतो, पण त्यांच्याकडे आधीच चार आलेले असतात. काय न्यावं? (मालाड)

मग पाचवा कशाला? तुमच्याकडे येतं त्या ताटाला गोव्यात कोन्सुआद म्हणतात, तर मंगळूरकडे त्यातल्या खाऊला कुस्वार. क्रोशाचा रुमाल टाकलेलं ते ताट म्हणजे घरातल्या आठवडाभराच्या खपण्याचा हिशेब असतो. दोदोल घ्या : तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाचा रस मोठ्या भांड्यात तासन्‌तास ढवळत राहायचं, हात थांबला की बुडाला लागलंच. बेबिंकाचा एक थर भाजला की त्यावर दुसरा. कुलकुलांसाठी तर सगळं घर बसतं. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या किंवा कोऱ्या फणीच्या दातांवर दाबून चपटी करायची आणि अलगद गुंडाळत सोडवायची, मग तिच्यावर शंखासारख्या रेघा उमटतात. किलोभर पिठाची किती कुलकुलं होतात हे एकदा करून पाहणारा माणूस ती मूठमूठभर खात नाही.

नेवऱ्या मात्र तुमच्या ओळखीच्या असतील. गोव्यात त्या चतुर्थीला हिंदू घरांतून ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातात आणि नाताळात ख्रिस्ती घरांतून परत येतात. ही देवाणघेवाण कुणी मोजून करत नाही, पण ताट रिकामं धाडायचं नाही हे दोन्हीकडे पक्कं असतं.

तेव्हा तुमच्या घरची ओळख असलेलं काही द्या. नाताळात त्या घरात गोड उतू जात असतं, म्हणून तिखटमीठाचं बरं : भाजणीची चकली, लसूण शेव, ओल्या हळदीचं लोणचं. पंचवीस तारखेच्या सकाळी बेल वाजवू नका. मध्यरात्रीच्या मिस्साहून येऊन मंडळी नुकती कुठे आडवी झालेली असतात. सण ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या दिवसापर्यंत चालतो, त्यामुळे घाई नाही. मात्र गेल्या वर्षीचं त्यांचं स्टीलचं ताट अजून तुमच्याच मांडणीवर असेल, तर चकली त्यातच घालून न्या.