लॅपटॉपची गती मंदावते; बिघाड की बचत?

धानोऱ्यात वीज गेली की दुकानातील लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि मंदावतो. जीएसटीचे बिल निघेना, गिऱ्हाईक खोळंबते. मशीन म्हातारे झाले असे समजून मालक गडचिरोली गाठतो आणि नव्यावर पैसा घालतो. व्यापारी व कारागीर बंधूंनी त्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. प्रोसेसरने गती कमी करणे हा पुष्कळदा दोष नसून त्याची रीतच असते.

इंटेलने २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये ‘स्पीडस्टेप’ हे तंत्र आणले. त्याच वर्षी एएमडीचे ‘पॉवरनाऊ’ आले. काम नसले की गती आणि व्होल्टेज खाली, काम आले की पुन्हा वर. शिलाई मशीनच्या मोटारीवर कारागिराचा पाय जसा कमीजास्त दाबतो, तसेच हे.

यातला हिशेब व्यापाऱ्याला पटण्यासारखा आहे. प्रोसेसरचा वीजखप गतीच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. समजा दोन्ही ८० टक्क्यांवर आणले. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ०.५१. खप जवळजवळ निम्मा झाला आणि तासाभराच्या कामाला सव्वा तास लागला. सौदा वाईट नाही! परंतु पडदा आणि वायफाय त्या जादा पाव तासातही वीज खातातच, आणि व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरत नाही. म्हणून गती अगदी तळाला नेऊन ठेवण्यात फायदा नाही.

सेटिंग विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, ‘पॉवर ऑप्शन्स’च्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात सापडते. तेथे ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ बॅटरीसाठी वेगळे व चार्जरसाठी वेगळे ठरवता येते. १०० चे ९९ केले की बहुतेक लॅपटॉपांत ‘टर्बो’, म्हणजे मूळ गतीवरची जादा धाव, बंद होते. बिले आणि अर्ज भरणाऱ्याला बॅटरीवर एवढे पुरे. फोटो-व्हिडिओवाल्यांनी चार्जरवर १०० च ठेवावे. ‘मिनिमम’ १०० करण्याचा सल्ला काही जण देतात. आमच्या मते त्यात बॅटरीचा नाश आहे. नव्या काही लॅपटॉपांत ही यादी दिसत नाही. तेथे सेटिंग्जमधील ‘पॉवर मोड’ वापरावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची गोष्ट निराळी. पत्र्याखाली दुपारी प्रोसेसर तापला, की जळू नये म्हणून तो स्वतःच गती तोडतो. तेथे सेटिंगचा इलाज चालत नाही. पंख्यातील धूळ काढावी, लॅपटॉप गादीवर किंवा कापडाच्या थानावर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावा. ‘सिस्टिम कूलिंग पॉलिसी’ ‘अ‍ॅक्टिव्ह’ असल्यास आधी पंखा वाढतो, ‘पॅसिव्ह’ असल्यास आधी गती घटते.

चार्जरही पाहावा. मूळ ६५ वॉटचा हरवला म्हणून ४५ वॉटचा जोडला, तर काही लॅपटॉप वीज चालू असतानाही गती दाबून ठेवतात.

खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली सीपीयूची गती पाहावी, पण काम चालू असताना. रिकाम्या मशीनवर आकडा कमी दिसणारच. चार्जरवर, थंड वेळी, भरपूर कामातही आकडा वर चढला नाही तरच कारागिराकडे न्यावे.