जुन्या पानांतील खेळाडू

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा आगपेट्यांवरची चित्रे जमवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. तुमच्यापैकी काहींना स्वतःलाही असा शौक असेल. या पाठात एका वेगळ्या छंदाची ओळख करून घेऊया. हा छंद अमेरिकेतला आहे. तेथे काही लोक महाविद्यालयांची जुनी वार्षिक पुस्तके जमवतात. पुढे जगप्रसिद्ध झालेला एखादा खेळाडू ज्या पुस्तकात साधा विद्यार्थी म्हणून दिसतो, ते पुस्तक त्यांना हवे असते.

अमेरिकेत अशा पुस्तकाला ‘इयरबुक’ म्हणतात. इयरबुक म्हणजे वर्षाचे पुस्तक. आपल्याकडेही अनेक महाविद्यालये वार्षिकांक काढतात. त्यात विद्यार्थ्यांचे लेख, कविता आणि संघांची छायाचित्रे असतात. इयरबुकमध्ये मात्र छायाचित्रांना अधिक मान असतो. पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांची छोटी छायाचित्रे ओळीने छापलेली असतात आणि प्रत्येकाखाली नाव असते. त्या वर्षाचे सामने, नाटके, विद्यार्थ्यांची मंडळे यांचीही नोंद असते. वर्ष संपताना मित्र एकमेकांच्या पुस्तकात दोन ओळी लिहून सही करतात. या पुस्तकांना स्वतःची नावेही असतात. ओहायो राज्य विद्यापीठाचे ‘माकियो’, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पूर्वीचे ‘सदर्न कॅम्पस’, तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे ‘याकेटी याक’.

तुम्ही विचाराल, प्रसिद्ध माणसाची हवी तेवढी छायाचित्रे मिळत असताना हे जुने पुस्तक कशाला हवे? याचे उत्तर असे, की प्रसिद्धीनंतरचे छायाचित्र काढणाऱ्याला समोरचा माणूस मोठा आहे हे ठाऊक असते. इयरबुक छापणाऱ्याला ते ठाऊक नसते. म्हणून त्या पानावर माणूस जसा होता तसाच दिसतो.

जॅकी रॉबिन्सनचे उदाहरण घ्या. हा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९३९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आला. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ अशा चार प्रकारांत तो एकाच वर्षी विद्यापीठाकडून खेळला. १९४० साली लांब उडीत तो अमेरिकेतील सर्व महाविद्यालयांत पहिला आला. या चारांपैकी त्याचा सर्वांत कच्चा खेळ कोणता होता, सांगा पाहू? बेसबॉल! त्या मोसमात त्याची फटक्यांची सरासरी फक्त ०.०९७ होती. म्हणजे दहा संधींत त्याचा एक फटकाही धड यशस्वी होत नव्हता.

पैशांच्या अडचणीमुळे रॉबिन्सनने १९४१ साली पदवी न घेताच विद्यापीठ सोडले. पुढे १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून मैदानात उतरला आणि इतिहास घडला. त्यापूर्वी साठ वर्षांहून अधिक काळ अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल संघांनी एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला आपल्यात घेतले नव्हते. प्रेक्षकांच्या शिव्या आणि धमक्या सोसून तो खेळत राहिला. १९४९ साली आपल्या लीगमध्ये त्याची सरासरी सर्वांत जास्त होती, ०.३४२. १९९७ साली त्याचा ४२ हा क्रमांक सर्व मोठ्या संघांनी त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला. हे सारे माहीत असलेल्या माणसाने १९४० ची आकडेवारी वाचली, तर त्याला काय वाटेल? एका वर्षाच्या गुणांवरून कोणाचेही भविष्य ठरवू नये, एवढे तर नक्कीच वाटेल.

१९३९ च्या त्याच फुटबॉल संघात रॉबिन्सनबरोबर केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड हे दोघे होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये अनेक वर्षे कृष्णवर्णीयांना दार बंद होते. १९४६ साली ते पुन्हा उघडले, तेव्हा आत जाणाऱ्या पहिल्या खेळाडूंत हे दोघे होते. स्ट्रोड पुढे चित्रपटांतही चमकला. त्याच काळात या विद्यापीठाच्या धावपटूंत टॉम ब्रॅडली नावाचा विद्यार्थी होता. तो १९७३ साली लॉस एंजेलिस शहराचा महापौर झाला. म्हणून जाणकार संग्राहक एक चेहरा सापडला की पुस्तक मिटत नाही. तो शेजारची नावेही वाचतो.

इयरबुक जितके सांगते, तितकेच ते लपवतेही. जेसी ओवेन्स १९३३ साली ओहायो राज्य विद्यापीठात दाखल झाला. २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर या गावी झालेल्या स्पर्धेत त्याने सुमारे पाऊण तासात तीन जागतिक विक्रम केले आणि चौथ्याची बरोबरी साधली. त्या दिवशीची त्याची ८.१३ मीटरची लांब उडी पुढे २५ वर्षे कोणाला मागे टाकता आली नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने चार सुवर्णपदके जिंकली. परंतु याच ओवेन्सला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहण्याची परवानगी नव्हती, कारण तो कृष्णवर्णीय होता. त्याला शिष्यवृत्तीही नव्हती. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तो लिफ्ट चालवण्यासारखी कामे करत असे. धावपटूंच्या हसऱ्या छायाचित्रात हे दिसणार नाही. त्यासाठी दुसरी पुस्तके वाचावी लागतात. छायाचित्र खोटे नसते, पण ते पुरेसेही नसते.

आता हे खेळाडू पुस्तकांत शोधायचे कसे, ते पाहू.

पहिली गोष्ट नावाची. बास्केटबॉलचा महान खेळाडू करीम अब्दुल-जब्बार हा १९६५ ते १९६९ या काळात लॉस एंजेलिसच्या त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता. पण त्या वर्षांच्या पुस्तकांत करीम हे नाव शोधाल, तर हाती काहीच लागणार नाही. तेव्हा तो ल्यू अल्सिंडर या नावाने ओळखला जात असे. १९६८ साली त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि १९७१ पासून तो नवे नाव जाहीरपणे वापरू लागला. त्याच्या विद्यापीठाने १९६७, १९६८ आणि १९६९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे त्याने व्यावसायिक सामन्यांत ३८,३८७ गुण केले. हा विक्रम २०२३ साली लेब्रॉन जेम्सने मोडला. हकीम ओलाजुवॉन हा ह्यूस्टन विद्यापीठात असताना त्याचे नावही ‘अकीम’ असे लिहीत असत.

दुसरी गोष्ट वर्षाची. १९४० चे इयरबुक म्हणजे १९३९-४० या शैक्षणिक वर्षाचे पुस्तक. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल शरद ऋतूत खेळतात. म्हणून १९३९ चे फुटबॉल सामने १९४० च्या पुस्तकात शोधायचे. बेसबॉल आणि मैदानी खेळ वसंत ऋतूत होतात. पुष्कळदा तोपर्यंत पुस्तक छापायला गेलेले असते. त्यामुळे हे खेळ पुढच्या वर्षीच्या पुस्तकात सापडू शकतात.

तिसरी गोष्ट पानाची. मोठे स्वतंत्र छायाचित्र बहुधा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे असते. मायकल जॉर्डनने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तीन वर्षे काढली. पहिल्याच वर्षी, म्हणजे १९८२ साली, राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याने अखेरच्या क्षणी विजयी गुण मिळवले. १९८४ साली तो व्यावसायिक खेळाकडे वळला. नंतर १९८६ साली त्याने भूगोल विषयाची पदवीही पूर्ण केली. अशा खेळाडूला संघाच्या पानांवर शोधावे लागते.

पुस्तक मिळाल्यावर ते नीट राखणे हे त्याहून मोठे काम आहे. इयरबुकचा चकचकीत कागद भिजला, की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. म्हणून ओल असलेल्या खोलीत पुस्तक ठेवू नये. उन्हातही ठेवू नये. जड पुस्तक आडवे ठेवावे, म्हणजे जिल्द सैल होत नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कालांतराने पिवळा पडतो आणि कागद खराब करतो. पुस्तकात खेळाडूची सही असेल तर किंमत वाढते. म्हणूनच खोट्या सह्याही केल्या जातात. घाईने विश्वास ठेवू नये.

काही विक्रेते प्रसिद्ध खेळाडूचे पान कापून वेगळे विकतात. त्यात पैसा मिळतो, पण पुस्तक मरते. त्या पुस्तकात शेकडो इतर मुलामुलींचे चेहरेही असतात. त्यांतले कोणी पुढे शिक्षक झाले असतील, कोणी डॉक्टर, कोणी युद्धातून परतलेच नसतील. एखाद्या घरातल्या नातवंडांसाठी आजोबांच्या तरुणपणाचे ते एकच छायाचित्र असू शकते. एका चेहऱ्यासाठी बाकीच्यांना फेकून देणे हा संग्रह नव्हे.

हा छंद श्रीमंतांचाच आहे असे मात्र समजू नका. अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी जुनी इयरबुके संगणकावर सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. पुस्तक विकत न घेताही ते वाचता येते.

आणि मित्रांनो, तुमच्या शाळेचे काय? शाळेच्या कपाटात जुन्या संघांची छायाचित्रे असतील, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका असतील, एखादा वार्षिकांक असेल. अनेकदा छायाचित्र उरते, पण त्यातील मुले कोण हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून आपल्या गुरुजींना, बाईंना, गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. छायाचित्रातील प्रत्येकाचे नाव आणि वर्ष एका वेगळ्या कागदावर लिहून तो त्याच्यासोबत ठेवा. राखीव खेळाडूचे नावही लिहायला विसरू नका. पुढे कोण मोठा होईल, हे आज आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

शब्दार्थ

छंद – आवड, शौक
संग्राहक – वस्तू जमवणारा
कृष्णवर्णीय – काळ्या वर्णाचा
मोसम – ऋतू; खेळाचा ठरावीक काळ
सलग – एकामागून एक, खंड न पडता
जिल्द – पुस्तकाची बांधणी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इयरबुक म्हणजे काय?
(आ) रॉबिन्सनचा सर्वांत कच्चा खेळ कोणता होता?
(इ) करीम अब्दुल-जब्बारचे आधीचे नाव कोणते?

२. कारणे लिहा.
(अ) बेसबॉलचे सामने पुढच्या वर्षीच्या पुस्तकात सापडू शकतात.
(आ) फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये.

३. ‘छायाचित्र खोटे नसते, पण ते पुरेसेही नसते.’ जेसी ओवेन्सच्या उदाहरणाने हे वाक्य स्पष्ट करा.

४. शौक, किंमत, कागद, जिल्द हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : शाळेतील एक जुने छायाचित्र मिळवा आणि त्यातील व्यक्तींची माहिती आठ-दहा ओळींत लिहा.