फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप हळू चालतो म्हणून दुकानात नेला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ठेवून जा, संध्याकाळपर्यंत फॉरमॅट मारून ठेवतो." वडिलांचा लॅपटॉप असाच एका दुकानात गेला. "डी ड्राइव्हला हात लावणार नाही, सगळं जसंच्या तसं मिळेल," असं दुकानदाराने सांगितलं, आणि डी ड्राइव्हला त्याने खरोखरच हात लावला नाही. पण डेस्कटॉपवर दिसणाऱ्या आणि 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलेल्या फाइल सी ड्राइव्हवर असतात. त्या पुसल्या गेल्या. आणि डी ड्राइव्हवर जे शाबूत राहिलं ते वाचता येईना.

निवृत्तीनंतर वडिलांनी गावाकडच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या. डीटीपी करणाऱ्या एका मित्राने त्यांना जुन्या पद्धतीचा मराठी फाँट घालून दिला होता आणि त्यातच त्यांनी पानंच्या पानं टाइप केली. युनिकोडपूर्वीच्या या फाँटमध्ये फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फाँट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉरमॅटमध्ये विंडोजबरोबर तो फाँटही गेला. फाइल उघडली तर आजीच्या लग्नाच्या गोष्टीच्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा खच. वडील बराच वेळ तो पडदा खालीवर करत बसले होते. ते मी विसरणार नाही.

पुढे त्याच मित्राकडे तोच फाँट सापडला, मजकूर दिसला आणि आम्ही तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. तरी ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षराला चिकटलेले, रफार सरकलेले, काही जोडाक्षरं फुटलेली. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून हे होतंच. ओळ न् ओळ हाताने तपासावी लागली. डेस्कटॉपवरची दोन प्रकरणं मात्र गेली ती गेलीच.

म्हणून जुन्या लॅपटॉपची डिस्क किंवा रॅम वाढवायचा बेत असेल तर पेचकस हातात घेण्याआधी एक बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो सगळं तिच्यावर उतरवा. विंडोजच्या फोल्डरमधलं 'फाँट्स' हे फोल्डरही घ्या. घरात श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या जमान्यातल्या फाइल असतील तर त्या जुन्या यंत्रावर उघडतात तोवर प्रत्येकीची पीडीएफ काढून ठेवा. युनिकोडचं काम नंतर सवडीने करता येतं. पीडीएफ असली की मूळ मजकूर काय होता याचा पुरावा तरी हाताशी राहतो.

आता यंत्राबद्दल. वडिलांचा लॅपटॉप थिंकपॅड एक्स२३० होता, २०१२ सालचा, साडेबारा इंची पडद्याचा. कंपन्यांच्या लीजवरून सुटलेले असे लॅपटॉप आपल्याकडे रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात असा बाजार पूर्वीपासून आहे. मला हे यंत्र मनापासून आवडतं. त्याच्या कळा खोल दाबल्या जातात, बोटांना प्रत्येक अक्षराची पोच मिळते. तासन् तास मराठी टाइप करणाऱ्याला हे सुख नव्या पातळ लॅपटॉपवर क्वचितच मिळतं. अंधारात टाइप करायचं तर पडद्याच्या वरच्या कडेला एक छोटा दिवा आहे, तो थेट कळांवर उजेड टाकतो.

ते हळू का चालत होतं हे दुकानात कोणी पाहिलंच नव्हतं. टास्क मॅनेजर उघडला की दिसायचं : प्रोसेसर निवांत, रॅम अर्धी रिकामी आणि डिस्क १०० टक्क्यांवर. म्हणजे सगळं यंत्र फिरत्या हार्डडिस्कची वाट पाहत होतं. अशा डिस्कला एखादा विखुरलेला तुकडा शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळही पुरतो. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचले जातात. फॉरमॅट मारून चार दिवस बरं वाटतं ते एवढ्याचसाठी की यंत्रावरची कामं कमी झालेली असतात. डिस्क तीच राहते.

एक्स२३०ची डिस्क बदलणं इतकं सोपं आहे की दहावीतलं मूल करील. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालून बॅटरी सरकवून वेगळी करा. बाजूच्या झाकणाचा एकच स्क्रू आहे. झाकण निघालं की आत प्लास्टिकची पट्टी दिसते, ती ओढली की डिस्क ड्रॉवरसारखी बाहेर येते. तिच्या दोन कडांना रबराच्या पट्ट्या असतात. त्या काढून नव्या एसएसडीला लावायच्या, नाहीतर ती आत सैल हलत राहते. एसएसडी अडीच इंची, साटा प्रकारची आणि ७ मिलिमीटर जाडीची हवी. दुकानात "एनव्हीएमई घ्या, जास्त फास्ट आहे" म्हणतील. खरं आहे, पण ती इथे बसतच नाही.

रॅमच्या बाबतीत मात्र अंदाजावर विसंबून राहू नका. या यंत्रात डीडीआर३च्या दोन जागा आहेत आणि एकूण १६ जीबी चालते. जुन्या ४ जीबीच्या जागी ८ केली तरी रोजच्या लेखनाला आणि ब्राउझरला भरपूर होते. पण त्याच्या पुढच्या पिढीतल्या एक्स२४०मध्ये रॅमची एकच जागा आहे आणि तिला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ चालत नाही. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्या. मॉडेल नवं म्हणजे वाढवायला सोपं, हा समज सेकंडहँड घेताना महागात पडतो. वायफाय कार्डाचंही तसंच : एक्स२३०च्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचं कार्ड बसवलं तर लॅपटॉप सुरू होतानाच अडतो. पैसे देण्याआधी मॉडेलचं अधिकृत हार्डवेअर मॅन्युअल उतरवून घ्या. थिंकपॅडची ही पुस्तकं फुकट मिळतात आणि कोणता स्क्रू कुठला इथपर्यंत सगळं त्यात चित्रांसह असतं.

बॅटरीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे पैशांपेक्षा जास्त काही पणाला लागतं. माझ्या बहिणीने तिच्या पातळ लॅपटॉपला "ओरिजिनलसारखीच" म्हणून एक बॅटरी बसवून घेतली. पावसाळा संपता संपता तिचा ट्रॅकपॅड दाबला जाईना. तिला वाटलं कचरा अडकला. सपाट टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डगमगायला लागला तेव्हा ध्यानात आलं की आतली बॅटरी फुगून ट्रॅकपॅडला खालून रेटते आहे. असं दिसलं तर त्याच क्षणी चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, टोचू नका, चार दिवस चालवून बघू म्हणू नका. ती जाणत्याकडून काढून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका. एक्स२३०ची बॅटरी बाहेरून निघते आणि आत नळकांडी सेल असतात, त्यामुळे हा प्रकार असा होत नाही. पण या पिढीपासूनचे थिंकपॅड न ओळखलेली बॅटरी चार्ज करायला नकार देतात. म्हणून दुकानातच लावून, चार्जिंग सुरू झालेलं पाहूनच पैसे द्या.

राहिला प्रश्न विंडोजचा. विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि एक्स२३०चा तिसऱ्या पिढीतला आहे. जुगाड करून ११ बसवून देणारे भेटतात. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर करायचे तिथे मी तो मार्ग धरणार नाही. आम्ही लिनक्स मिंट घातलं. फायरफॉक्स, लिबर ऑफिस आणि मराठी इनस्क्रिप्ट, वडिलांना एवढंच लागतं. ज्यांचं पोट पेजमेकर आणि जुन्या फाँटवर आहे त्यांनी तेवढ्यासाठी विंडोजचं यंत्र वेगळं ठेवावं आणि त्याला इंटरनेट जोडू नये.

खर्च कुठे थांबवायचा हेही आधी ठरवा. एक्स२३०चा प्रोसेसर बोर्डावरच जडवलेला आहे, तो बदलत नाही. व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या पद्धतीचे व्हिडिओ उलगडण्याची सोय त्याच्या चिपमध्ये नाही, त्यामुळे वरच्या दर्जाचा व्हिडिओ लावला की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घरघरतो. पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावली तर फरक पडतो, पण यंत्र तरुण होत नाही. एसएसडी, रॅम आणि गरज असल्यास बॅटरी, याच्या पुढे मी जात नाही. उद्या मदरबोर्ड गेला तर तो दुरुस्त करत बसणार नाही. एसएसडी आणि रॅम काढून तसल्याच दुसऱ्या यंत्रात घालीन. कीबोर्ड, पडदा आणि बिजागऱ्या सुट्या विकल्या जातात, त्यांना गिऱ्हाईक मिळतं. जुनी काढलेली हार्डडिस्क मात्र विकायची नाही. तिच्यावर आत काय आहे आणि कधी काढली ते चिठ्ठीवर लिहून ती कपाटात ठेवायची, निदान नव्या डिस्कवरची प्रत्येक मराठी फाइल उघडून पाहीपर्यंत.