टीपीएमटी तपासली, पुढे?

प्रत्यारोपित मूत्रपिंड सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलं जाणारं ॲझाथायोप्रिन सुरू होण्याआधी टीपीएमटी या एन्झाइमची तपासणी जरूर करून घ्या, पण तिच्या भरवशावर पुढच्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासण्या, सोडू नका. औषध १९६०च्या दशकातलं, जुनं. आता बहुतेकांना मायकोफेनोलेट मिळतं. पण ते गर्भाला घातक असल्याने मूल हवं असणाऱ्या स्त्रियांना आजही ॲझाथायोप्रिनवर आणतात. शरीरात या औषधाचा बराच भाग टीपीएमटी निष्प्रभ करतं. युरोपीय वंशाच्या साधारण ३०० जणांत एकाला हे एन्झाइम जवळजवळ नसतंच. अशांची अस्थिमज्जा नेहमीच्या डोसनेही दबते आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात.

‘सीबीसी वरचेवर करतोच, मग हा जादा खर्च कशाला?’ असं विचारणारे भेटतात. सीबीसीत पेशी घटल्यावर कळतं, टीपीएमटीत पहिल्या गोळीआधी. याच्या उलट टोकाचा युक्तिवाद मला जास्त धोक्याचा वाटतो : एन्झाइम ठीक आहे, आता सीबीसी कशाला? कोरियातल्या क्रोन्सच्या रुग्णांवरच्या अभ्यासातून २०१४ साली एनयूडीटी१५ या जनुकाची भूमिका पुढे आली. आशियाई लोकांत, आपण भारतीयही त्यात आलोच, पेशी घटण्यामागे पुष्कळदा हे जनुक असतं आणि टीपीएमटीच्या रिपोर्टात त्याचा मागमूस नसतो. शिवाय गाउटसाठी कुणी ॲलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर ॲझाथायोप्रिन निकामी होण्याची दुसरी वाटही बंद होते. म्हणून नवा डॉक्टर, मग तो हाडांचा का असेना, त्याच्यापुढे आधी औषधांची यादी ठेवा. टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणातल्या दुसऱ्या औषधाची गतही निराळी नाही. सीवायपी३ए५ जनुक पाहून पहिला डोस ठरवल्यावर जास्त रुग्ण अपेक्षित पातळीत आले, पण अवयव नाकारला जाण्याचं प्रमाण घटलं नाही, असं २०१०च्या एका फ्रेंच चाचणीत दिसलं. पहिला डोस नेमका बसणं ही छोटी गोष्ट नव्हे; पण पुढे क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं, तर तोच डोस अपुरा पडतो.

आणखी एक बाब, जी विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. टीपीएमटीची क्रियाशीलता तांबड्या पेशींत मोजतात. नुकतंच रक्त चढवलेलं असेल, आणि डायलिसिसच्या काळात ते अनेकांना चढवावं लागतं, तर रिपोर्टात रक्तदात्याचंही एन्झाइम मोजलं जातं. अशा वेळी लॅबला रक्त चढवल्याची तारीख सांगा आणि एन्झाइमऐवजी जनुकाची तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एनयूडीटी१५ही तिच्यातच पाहून घेता येतं.