तिसरा नंबर की पन्नासावा?

प्रश्न : माझी भाची पुण्याहून नोकरीसाठी जर्मनीला निघाली आहे. परवा वाचनात आलं, की तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांच्या पाहणीत जर्मनी अगदी तळाला आहे आणि पनामा, मेक्सिको वरच्या नंबरात. आमच्या पिढीला जर्मनी म्हटलं की वेळेवर सुटणारी गाडी आणि चोख कारभार एवढंच आठवतं. मग ही मंडळी उगाच कुरकुर करतात, की आम्हीच भ्रमात होतो? परक्या देशात चार वर्षं काढलेल्या माणसाला तिथल्या रस्त्यांबद्दल, रेल्वेबद्दल, सरकारी कामाबद्दल खरंच काही कळतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कुरकुर खरी आहे, आणि तुमचा समजही सगळा चुकीचा नव्हता. तुम्ही वाचलेली पाहणी बहुधा इंटरनेशन्स या म्युनिकच्या संस्थेची असावी. परदेशात राहणाऱ्यांना ती दरवर्षी प्रश्नावली पाठवते. २०२४ च्या यादीत ५३ देश होते. त्यांत पनामा पहिला, मेक्सिको दुसरा, इंडोनेशिया तिसरा आणि जर्मनी पन्नासावा. आदल्या वर्षीही जर्मनी ४९ वा होता, म्हणजे एखाद्या वर्षी नशीब रुसलं असं म्हणायची सोय नाही.

आता याच्या शेजारी दुसरी यादी ठेवा. २०२३ मध्ये जागतिक बँकेने मालवाहतुकीच्या सोयींवरून देशांची क्रमवारी लावली : बंदरं, रस्ते, रेल्वे, कस्टमचं काम, माल वेळेवर पोहोचतो की नाही, हे सगळं धरून. तीत जर्मनी आणखी तीन देशांच्या बरोबरीने तिसरा. आपला भारत ३८ वा. आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध कालवा ज्याच्या अंगणातून जातो तो पनामा पन्नासच्याही खाली. देश तेच, काळही साधारण तोच, आणि नंबर जवळजवळ उलटे.

जागतिक बँकेने विचारलं ते माल पाठवणाऱ्या व्यावसायिकांना. कंटेनरला घर भाड्याने घ्यावं लागत नाही, भाषा शिकावी लागत नाही आणि रहिवास परवान्याची मुदतही वाढवून घ्यावी लागत नाही. माणसाला हे सगळं करावं लागतं, आणि तेही पहिल्या काही महिन्यांतच. परदेशी रहिवासी देशाला जे गुण देतो, त्यांवर या पहिल्या महिन्यांची छाप असते.

तुमच्या भाचीचंच उदाहरण घेऊ. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. आपली मुलं याला तिथल्यासारखंच ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहते’ असा. २०१५ पासून तो सक्तीचा आहे. पोटभाडेकरू म्हणून किंवा थोड्या दिवसांसाठी खोली मिळाली, तर बऱ्याचदा ही सहीच मिळत नाही. सही नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून करक्रमांक पोस्टाने येत नाही. करक्रमांक नाही म्हणून पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. तो पुढे परत मिळतो, पण घराची अनामत भरायची असते ती त्याच महिन्यात. आणि चांगलं घर बघायला गेलं, की मालक विचारतो, पगाराच्या पावत्या कुठे आहेत?

बरं, नोंदणीची खिडकी गाठायची तर आधी वेळ घ्यावी लागते. ही वेळ म्हणजे ‘टर्मिन’. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांच्या मुदतीतला टर्मिन मिळणं हाच एक पराक्रम. पहाटे उठून संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडत बसायचं, कुणी आपली वेळ रद्द केली तर ती झडप घालून पकडायची, हे तिथल्या आपल्या मुलांना सवयीचं झालं आहे. नोंदणीच्या अर्जात धर्माचाही रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर पगारातून चर्चचा कर जातो, म्हणून तो विचार करून भरावा. नोंदणी झाली की आकाशवाणी-दूरदर्शनच्या वर्गणीचं पत्र मात्र हमखास येतं. घरटी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. या एका पत्राला उशीर झाल्याचं कुणी सांगत नाही.

यातली अर्धी कामं जर्मन माणसाला आयुष्यात कधी करावीच लागत नाहीत. त्याचा करक्रमांक जन्मापाठोपाठ आलेला असतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची पायरी तो चढत नाही. आपल्याच शहरात परवाना वाढवून घ्यायला किती महिने थांबावं लागतं, याची त्याला दाद नसते. म्हणून या एका बाबतीत परदेशी रहिवासी हाच जाणकार साक्षीदार, आणि त्याची तक्रार ऐकलीच पाहिजे असं माझं मत आहे. इंटरनेशन्सच्या पाहणीत घर, भाषा, सरकारी कामं आणि ऑनलाइन सोयी यांचा एक वेगळा विभाग असतो. जर्मनी त्यात ओळीने काही वर्षं अगदी शेवटचा आला. एकूण नंबर खाली ओढणारं मुख्य ओझं हेच.

‘अजून फॅक्स वापरतात हो!’ हे तर तिथे गेलेला प्रत्येक जण सांगतो. खोटं नाही. २०१७ च्या कायद्याने ५७५ सरकारी सेवा २०२२ अखेर ऑनलाइन आणायच्या होत्या. मुदत उलटून गेली आणि यादी अर्धवटच राहिली. पण नवखा माणूस इथे एक चूक करतो : हा सगळा आळस आहे असं समजतो. त्यात आळस आहेच, पण एक मोठा भाग जाणूनबुजून केलेला आहे. सोळा राज्यं आणि सुमारे अकरा हजार नगरपालिका, प्रत्येकीला आपापला कारभार आपल्या पद्धतीने चालवायचा अधिकार. नाझी राजवटीने नागरिकांच्या नोंदींचा काय वापर केला, हे या देशाने भोगलं आहे. पूर्व जर्मनीतल्यांनी नंतर गुप्त पोलिसांच्या फायलीही पाहिल्या. १९८३ मध्ये जनगणनेच्या खटल्यात तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला, की आपली माहिती कुणाला द्यायची आणि तिचं काय करू द्यायचं हे ठरवण्याचा हक्क नागरिकाचा आहे. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला सहज दिसत नाही, यामागे हाही धागा आहे. एकदा अंगठा टेकवला की सगळं काम, याची सवय घेऊन गेलेल्या आपल्या मुलांना त्याचा त्रास होतो. आपल्याकडच्या सोयीची किंमत काय, हा प्रश्न मात्र त्यांतल्या फार थोड्यांना पडतो.

रेल्वेचं म्हणाल, तर तिथे परका आणि घरचा यांच्यात मतभेदच उरलेला नाही. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. हे ‘वेळेवर’ही सैल आहे : सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे उशीर नाही, आणि रद्द झालेली गाडी हिशोबातच धरत नाहीत. जर्मनीहून फार उशिरा येणाऱ्या काही गाड्या स्वित्झर्लंड बाझलच्या पुढे घेतच नाही. आपलं वेळापत्रक बिघडायला नको म्हणून प्रवाशांना तिथे स्विस गाडीत बसवतात. या उशिराचं कारण गूढ नाही. वर्षानुवर्षं रुळांवर पुरेसा खर्च झाला नाही. २००९ मध्ये राज्यघटनेतच कर्जाला लगाम घातला गेला. ताळेबंद नीटनेटका दिसला आणि पूल, रूळ, सिग्नल म्हातारे होत गेले. आता एकेक मार्ग महिनोन् महिने बंद ठेवून दुरुस्ती चालली आहे. फ्रँकफर्ट-मानहाइम हा मोठ्या वर्दळीचा मार्ग २०२४ मध्ये पाच महिने बंद होता. मार्च २०२५ मध्ये घटनेत बदल करून ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी उभारायचं ठरलं, म्हणजे तुमच्या भाचीची पहिली काही वर्षं खोदकामातच जाणार. आणि तीच भाची फोनवर जर्मनीचं कौतुकही करेल, कारण महिन्याच्या एका पासावर देशभरातल्या स्थानिक गाड्या, बस, ट्राम, मेट्रो चालतात. २०२३ मध्ये तो पास ४९ युरोंना निघाला, २०२५ मध्ये ५८ झाला.

परदेशी रहिवाशाला दिसत नाही ते जमिनीखालचं आणि काँक्रीटच्या आतलं. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे ड्रेस्डेनमध्ये कॅरोला पुलाचा एक भाग एल्ब नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती. कुणाला इजा झाली नाही ते नशीब. पूल पूर्व जर्मनीच्या काळातला. त्याच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारांना आतून गंज लागून बारीक चिरा पडल्या होत्या. आदल्या दिवशी त्या शहरात राहणाऱ्या परदेशी माणसाला विचारलं असतं, तर ‘पूल छान आहे, ट्राम वेळेवर येते’ असंच तो म्हणाला असता. ड्रेस्डेनचा जन्मजात रहिवासीही तेच म्हणाला असता. असल्या गोष्टी सापडल्याच तर तपासणीच्या अहवालातच सापडतात.

आता पनामा. तिथे जाऊन राहणाऱ्यांत अमेरिकेतून आलेल्या निवृत्तांचा मोठा भरणा आहे. चलन म्हणून अमेरिकन डॉलर चालतो. महिना हजार डॉलर तहहयात पेन्शन दाखवली की राहायचा परवाना मिळतो, शिवाय विमानाच्या तिकिटावर, दवाखान्यात, हॉटेलात सवलती. अशा माणसाचं सरकारी खिडकीशी काम किती पडणार? २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तांब्याच्या एका खाणीच्या कराराविरुद्ध पनामाभर आंदोलन पेटलं, रस्ते आठवडेच्या आठवडे अडवले गेले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने करार घटनाबाह्य ठरवला. कारभाराच्या नावाने इतका मोठा भडका उडाला, आणि पुढच्याच वर्षी परदेशी रहिवाशांच्या यादीत पनामा पहिला! त्याच २०२३ मध्ये पाच लाखांहून अधिक परदेशी माणसं पनामाच्या दुसऱ्या टोकाला, दारिएनच्या जंगलातून चिखल तुडवत चालत गेली. तिथे रस्ताच नाही. दोन्ही अमेरिका जोडणारा महामार्ग याविझा गावाशी संपतो. ते वाटसरू होते, रहिवासी नव्हते, तेव्हा पाहणीत त्यांना कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. पण ‘परदेशी लोकांना हा देश आवडतो’ हे वाक्य वाचताना कुठले परदेशी, हे मनात असू द्यावं.

आखाताचंही तसंच. सरकारी कामाच्या सोयींत बहरीन आणि संयुक्त अरब अमिराती वरच्या नंबरात असतात. परवाना फोनवर, रस्ते गुळगुळीत. मात्र उत्तर देणारा सहसा कार्यालयात बसणारा, इंग्रजी जाणणारा असतो. मजुरांच्या छावणीतला, रहिवास मालकाच्या मर्जीवर टांगलेला माणूस अशा प्रश्नावलीत क्वचितच सापडतो. या पाहणीत यादीत यायला एका देशातून किमान पन्नास उत्तरं पुरतात, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट या मतांना विचित्र बनवते. परदेशी रहिवासी कर भरतो, पण जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत नाही. दोन राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार द्यायचं ठरवलं, ते १९९० मध्ये घटना न्यायालयाने रद्द केलं. स्वीडनमध्ये हा अधिकार १९७६ पासून आहे; न्यूझीलंडमध्ये कायम रहिवासी देशाच्या निवडणुकीतही मतदान करतो. ज्याच्या हातात मत नाही, त्याने तक्रार न्यायची कुठे? ती मग घरच्या फोनवर येते आणि असल्या पाहण्यांत उतरते. पुढे नागरिकत्व घेतलं तर मत मिळतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून आपली मुलं त्या दारात बराच काळ घुटमळतात.

तेव्हा भाचीला यादीतला नंबर पाठवू नका. ती ज्या शहरात जाणार आहे तिथे गेल्या वर्षभरात पोहोचलेला एखादा मराठी मुलगा किंवा मुलगी गाठायला सांगा. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, ओळख निघते. त्यांना फक्त दोन गोष्टी विचाराव्यात : टर्मिन किती दिवसांनी मिळतो आणि परवाना वाढवून मिळायला किती महिने लागले. रेल्वेबद्दल विचारायचं तर पंधरा वर्षं राहिलेल्याला विचारावं. आणि खोली ठरवताना, अनामत भरण्यापूर्वी, नोंदणीच्या कागदावर सही देणार का हे घरमालकाला लेखी विचारून घ्यावं. नाही म्हणाला तर ती खोली सोडून द्यावी, भाडं कितीही कमी असलं तरी.