पिशवीवर उतारा छापलेला नसतो

मागच्या पालकसभेत मी पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांवर बोलत होते. मागच्या बाकावरचे एक बाबा उठले. "मॅडम, आमच्यात शुगर हायेच. आज्याला होती, बापाला हाय, मला निघंल. ते काय चुकतं का? आन् आमचं पोरगं म्हणाल तर नुसती काडी. खाऊ द्या त्याला." सभा हसली, मीही हसले. घरी भाकरी थापताना मात्र ते बोलणं आठवत राहिलं. त्यात दोन चुका होत्या, आणि त्या दोन्ही आपल्या जालन्यात घरोघर ऐकू येतात.

मी डॉक्टर नाही. दहावीला विज्ञान शिकवते, त्यात आनुवंशिकतेचा धडा आहे. खरं तर तो जालन्यात शिकवावा लागू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं हा या जिल्ह्याचा धंदा आहे. तुमच्यातल्या कितीतरी ताई कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला गेलेल्या आहेत. दुपारनंतर कळीतले पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचा पराग लावायचा. कुठल्या झाडाचा कुठला गुण उतरणार, हे तुम्हाला माझ्या फळ्यापेक्षा जास्त कळतं. आणि हेही कळतं की बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, एकरी उतारा कुणी छापत नाही. तो रान, पाणी आणि मेहनत ठरवते.

सिकलसेलसारखे काही आजार आईबापांकडून आलेल्या जनुकांनीच होतात, तिथे खाण्यापिण्याला बोल लावता येत नाही. शुगर तशी नाही. तिच्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो आणि बाकीचं रोजचं जगणं करतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांवर केलेल्या अभ्यासाचे निकाल २००६ मध्ये आले. नेहमीसारखं राहणाऱ्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांच्या आत शुगर झाली. रोजचं चालणं आणि जेवण ज्यांनी सुधारलं, त्यांच्यात शंभरातल्या ३९ जणांना झाली. त्या ३९ जणांपुढे बाबांचं म्हणणं मी मान्य करते. पण मधले १६ जण वाचले त्याचं काय?

शिवाय घराणं लेकराला नुसतं रक्त देत नाही, ताटही देतं. आजोबा, बाप आणि नातू एकाच पातेल्यातला गोडमिट्ट चहा पितात. आजोबा तो पिऊन वखराच्या मागे चालायचे, बाप तो पिऊन मोटारसायकलला किक मारतो, आणि नातू खारी बुडवत मोबाइल बघतो. साखर तेवढीच राहिली, चालणं तेवढं गेलं. आपण त्याला 'आमच्यात आहे' म्हणतो.

आता त्या काडीचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या लेकरांची नोंद ठेवली. ती बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक भरली यात नवल नाही. नवल पुढे आहे. मांस कमी होतं, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. काटा बारीक म्हणतो आणि अंगात चरबी दडलेली. डॉ. याज्ञिकांनी पुढे आपला आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो छापला. उंची-वजनाचं गणित दोघांचं एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२! म्हणून लेकरू बारीक आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेलं दिसलं तर जास्तच लक्ष द्या.

याचं मूळ कुठे असावं? पोटात असताना उपासमार झालेलं बाळ मिळेल तेवढं साठवायला शिकतं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पुढे त्याला भरपूर मिळालं की तेच साठवणं अंगावर येतं. माझ्या ओळखीतले एक आजोबा बहात्तरच्या दुष्काळातले. त्यांची आई पोटुशी असताना खडी फोडायला जायची, मिलोची भाकरी आणि सुकडी खायची. आजोबांना बेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. ती दुष्काळामुळेच, असं एका माणसाबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्यांची गोळी बघितली की मला ती खडी आठवते.

म्हणून मुलींच्या आयांना वेगळं सांगते. आज तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी, दूध डेअरीला घालून स्वतः कोरा चहा पिणारी पोरगी ही पुढच्या लेकराची जमीन आहे. पुण्याच्या त्याच अभ्यासात आईच्या बी-१२ च्या कमतरतेचा माग तिच्या सहा वर्षांच्या लेकराच्या रक्तात लागला. हे जीवनसत्त्व दुधा-दह्यात आणि अंड्यात असतं. डेअरीला घालण्याआधी तिच्यापुरतं एक पेलाभर काढून ठेवा. आणि ऊसतोडीला जाताना मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचं सोळाव्या वर्षी लग्न लावू नका. तुमची अडचण मला दिसते, तरीही सांगते. तिचं अंगच अजून भरलेलं नसतं.

त्या बाबांना मी सभेत उत्तर दिलं नव्हतं, ते हे. रक्त बदलता येत नाही, पण ते माहीत करून घेता येतं. शुगर लहान वयात निघाली असेल तर घरच्यांनी जास्त जपायचं असतं, म्हणून वय महत्त्वाचं. पुढच्या सभेला येताना एका कागदावर एवढंच लिहून आणा: घरात शुगर, बीपी कुणाकुणाला आहे आणि कितव्या वर्षी निघालं. मामाकडचं विसरू नका, पालक नेहमी वडिलांकडचंच सांगतात.