चहा सोडू नका, हिशेब ठेवा

मधुमेह निघाला की रिपोर्टमधले आकडे समजून घेण्याआधीच बहुतेक जण विचारतात, "डॉक्टर, आता चहा बंद का?" बंद नाही. दुधाचा चहाही बंद नाही. पण कपात काय काय जातं ते एकदा नीट बघा, कारण आपण दोष भलत्यालाच देतो.

अनेक जण दूध तोडतात आणि साखर तशीच ठेवतात. 150 मिलीच्या कपात निम्मं दूध धरलं, तर दुधातली मूळची साखर, म्हणजे लॅक्टोज, साडेतीन ग्रॅमच्या आसपास येते आणि रक्तात तशी सावकाश चढते. वरून घातलेली दोन चमचे साखर मात्र 10 ग्रॅम. असे चार कप रोज घेतले, तर महिन्याला किलोभराहून जास्त साखर नुसत्या चहातून पोटात जाते. भात वाटीनं मोजणाऱ्या घरातही हा हिशेब कुणी ठेवत नाही! म्हशीच्या सायीच्या दुधाचा प्रश्न वेगळा आहे. त्यात स्निग्धांश जास्त, म्हणून वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर गाईचं किंवा टोन्ड दूध घ्या.

गुळाच्या चहाबद्दल स्पष्ट सांगतो. गुळात बहुतांश साखरच असते. "गूळ नैसर्गिक आहे" म्हणून दोन कप जास्त पिणारे लोक मी रोज बघतो आणि त्यांचे आकडेही बघतो. अमृततुल्यवर "साखर कमी टाका" म्हणण्यात अर्थ नसतो, कारण पातेल्यात दूध, पावडर आणि साखर एकत्रच उकळत असते. बिनसाखरेचा वेगळा करून देत असतील तर घ्या, नाहीतर कटिंगवर थांबा. तयार चहाच्या प्रीमिक्समध्येही साखर असू शकते, पाकिटामागचं वाचून बघा.

खरी गडबड होते ती चहाच्या जोडीला घेतलेल्या पदार्थांनी. खारी, टोस्ट, बटर हे सगळे मैद्याचे. चार मारी बिस्किटांत साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात, "मारी हलकं असतं" ही समजूत काही खरी नाही. त्यात पहाटे आपलं यकृत रक्तात साखर सोडत असतं, त्यामुळे अनेकांची सकाळची साखर आधीच चढलेली असते. तिच्यावर चहा-टोस्ट म्हणजे दिवसाची सुरुवातच चढणीवर. सकाळी चहाबरोबर काही हवंच असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे बरे.

साखर एकदम तोडलीत तर चार दिवसांत पुन्हा डब्याकडे हात जाईल. आधी दोनाची दीड करा, मग एक, मग अर्धा चमचा. आलं, वेलची, गवती चहा यांनी चव भरून निघते, मधुमेह मात्र त्यांनी बरा होत नाही. गोड गोळी वापरत असाल तर माफक वापरा. अ‍ॅस्पार्टेमची गोळी उकळली की तिचा गोडवा जातो, म्हणून ती गाळलेल्या चहात टाका.

आपल्या शरीराला आपला चहा किती मानवतो, हे घरच्या ग्लुकोमीटरवर कळतं. चहाआधी साखर तपासा, मग तासाभरानं आणि दोन तासांनी. एक दिवस नुसता चहा, दुसऱ्या दिवशी बिस्किटांसह. तो फरक बघितल्यावर माझ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

उपाशीपोटीच्या तपासणीआधी चहा अजिबात नको, बिनसाखरेचाही नको, फक्त पाणी. थायरॉईडची गोळी घेतल्यावर चहासाठी अर्धा ते एक तास थांबा. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाला लागून चहा घेऊ नका, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवावं: घाम फुटला, हात थरथरू लागले, साखर 70 च्या खाली गेली, तर चहा करत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साध्या साखरेचा गुण उशिरा येतो, त्यांनी औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर घरात ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.